दुखत नसताना घशाची दुर्बीण करायची ती कशी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या नानांचा आवाज बसला तेव्हा पेरण्या चालू होत्या. दिवाळी आली तरी तो सुटला नव्हता आणि आम्ही घरातले सगळे आपलं "धूळ गेली असंल, थंड पाणी पिलं असंल" असंच म्हणत बसलो. दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला, हळदीच्या गुळण्या झाल्या, एका दवाखान्यात सलाईन बी लावून झालं. दुखत काहीच नव्हतं, भाकरी व्यवस्थित जात होती, म्हणून घाई कुणालाच नव्हती. शेवटी कान-नाक-घशाच्या (ईएनटी) डॉक्टरनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पाच मिनिटात सांगितलं की उजव्या स्वरपट्टीवर खरबरीत पांढरं काहीतरी आहे. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. पहिल्या टप्प्यातला होता, सहा आठवडे शेक (रेडिएशन) घेऊन नाना बरे झाले, आवाज पण परत आला, थोडा घोगरा पण त्यांचाच.

पण मी लिहायला बसलोय ते त्या पहिल्या वेळेमुळे नाही. तिसऱ्या वर्षी नाना ठणठणीत होते, रानात जात होते, वजन वाढलेलं, आवाज चांगला, आणि फक्त तारीख होती म्हणून आम्ही गेलो, नाना तर सगळ्या रस्त्यानं "कशाला पैसे घालवायलास" म्हणून कुरकुरत होते, आणि त्या दिवशी दुर्बिणीत स्वरपट्टीवर नाही तर त्याच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाशी जो खोलगट खिसा असतो तिथं एक लहानसा लाल डाग दिसला. नवीनच कॅन्सर, पहिल्या जागेशी संबंध नसलेला. इतका वरवरचा होता की लेझरनं काढता आला. या खिशातला कॅन्सर एरवी कधी कळतो, तर मानेला गाठ आल्यावर नाहीतर घास अडकायला लागल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, आणि मग कितीतरी जणांचं सगळं स्वरयंत्रच काढावं लागतं.

तेव्हापासून नात्यातलं, गावातलं कुणी विचारलं की मी सोबत जातो. मी डॉक्टर नाही, पण ओपीडीच्या बाकड्यावर बसून जे शिकलो आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते पायरीपायरीनं लिहून ठेवतोय.

पायरी १: तुम्ही यात बसता का ते आधी बघा

सगळ्यांनीच ऊठसूट दुर्बीण करायची गरज नाही. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकानं दरवर्षी घशाची एंडोस्कोपी करावी असा नियम नाही, तसं सरसकट केल्यानं जीव वाचतात हे सिद्ध झालेलं नाही. ठरलेल्या तारखांना नियमित दुर्बीण ज्यांना लागतेच लागते ते लोक असे:

ज्यांना आधी तोंडाचा, जिभेचा, घशाचा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर होऊन गेलाय. हे सगळ्यात वरचे. अन्ननलिकेचा कॅन्सर झालेल्यांचा घसा पण बघून घ्यावा लागतो, आणि घशाचा झालेल्यांची अन्ननलिका. कारण तंबाखूचा रस, विडीचा धूर आणि दारू एकाच जागेला लागत नाहीत, ओठापासून पोटापर्यंतचं सगळं अस्तर त्यात भिजलेलं असतं. १९५३ साली अमेरिकेतल्या डॉ. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं आणि त्यांनी इंग्रजीत जो शब्द वापरला, "फील्ड कॅन्सरायझेशन", त्यात चक्क शेत (फील्ड) आहे. आपल्याला हे समजायला अवघड नाही. गुलाबी बोंडअळी एका बोंडात सापडली की आपण तेवढंच बोंड तोडून घरी येतो का? सगळा पट्टा फिरून बघतो, आणि बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडून बघतो, कारण आतलं बाहेरून कळत नाही. तसंच हे.

दुसरे, ज्यांच्या स्वरपट्टीवर पांढरा चट्टा सापडलाय आणि तुकड्याच्या रिपोर्टात डिसप्लेसिया, म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात, असं लिहून आलंय. हा कॅन्सर नाही पण त्याच्या वाटेवर असू शकतो, म्हणून नजर ठेवावी लागते.

तिसरे म्हणजे वर्षानुवर्षं तंबाखू किंवा विडी आणि सोबत रोजची दारू असणारे. दोन्ही एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. यांच्यासाठी ठराविक महिन्यांचा नियम नाही, पण चाळिशी-पन्नाशीच्या पुढं गेलेल्यांनी एकदा ईएनटीला दाखवून "माझ्यासाठी किती दिवसांनी" हे विचारून घ्यावं असं माझं मत आहे. आणि कुणी म्हणत असंल की मी नुसती सुपारी खातो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीला सुद्धा, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय.

बायकांचं इथं कुणी धरतच नाही. आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या, चुना-तंबाखू मळणाऱ्या माय-मावश्या घरोघर आहेत, त्यांना कुणी विचारत नाही आणि त्या स्वतःहून सांगत नाहीत. त्यात अजून एक, ज्या बाईचं रक्त वर्षानुवर्षं कमी आहे आणि कोरडा घास घशात अडकल्यासारखा होतो, तिनं तर तंबाखू कधी खाल्ली नसली तरी दाखवायला पाहिजे. लोह कमी असणं आणि घास अडकणं हे जोडीनं असलं तर स्वरयंत्राच्या मागच्या बाजूच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे डॉक्टर लोकांना फार पूर्वीपासून माहितीय. "अशक्तपणानं होतंय" म्हणून नुसतं टॉनिक देऊन सोडू नका.

बाकीच्या तंबाखूवाल्यांसाठी निदान तोंडाची तपासणी तरी. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांसाठी ती सरकारी कार्यक्रमात आहे, गावातल्या आरोग्य मंदिरात (सरकारी उपकेंद्रात) टॉर्च लावून करतात. केरळमधे मोठा अभ्यास झाला होता, २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधे अशा नुसत्या डोळ्यानं केलेल्या तपासणीनं तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. पण एक लक्षात ठेवा, टॉर्चला जीभ, गाल, टाळू दिसतो. जिभेच्या मुळाच्या खाली काय चाललंय ते टॉर्चला दिसत नाही. तिथं दुर्बीणच लागते.

पायरी २: ही लक्षणं असली तर तारखेची वाट बघू नका

आवाज बसून तीन आठवडे झाले आणि सुटेना. गिळताना दुखतंय किंवा घास अडकतोय. एकाच बाजूचा कान दुखतोय आणि कानाच्या डॉक्टरनं कान चांगला आहे म्हणून सांगितलंय, हे तर लई फसवं आहे, कारण घशातलं दुखणं कानात जाणवतं. मानेला न दुखणारी गाठ. थुंकीतून रक्त. श्वास घेताना घरघर. काही न करता वजन उतरतंय.

यातलं एक जरी असलं तर याच आठवड्यात ईएनटी. आधी कॅन्सर होऊन गेलेला असंल आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी असंल तरी आत्ताच जायचं.

पायरी ३: कुठं जायचं

डॉक्टर कोणता, तर कान-नाक-घसा वाला, म्हणजे ईएनटी. पोटाची एंडोस्कोपी करणारे वेगळे, ते अन्ननलिका आणि जठर बघतात. लोकांचा इथं घोळ होतो, "एंडोस्कोपी झालीय की मागच्या वर्षी" म्हणतात आणि ती पोटाची असते. त्यात दुर्बीण घशातून झपकन खाली जाते, घसा नीट बघितलेला असतोच असं नाही.

सरकारीत जायचं तर छत्रपती संभाजीनगरला घाटी (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) आहे, आणि आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे जे आता राज्य कर्करोग संस्था झालंय. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजचा दवाखाना, लातूरला विलासराव देशमुख संस्था, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज. धाराशिव-लातूरकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं, ते सोलापूर जिल्ह्यात आहे पण आपल्याकडचे कितीतरी लोक तिथंच जातात. मुंबईला परळचं टाटा तर सगळ्यांना माहितीय. माझा अनुभव असा की नियमित तारखा जवळच्या ठिकाणी धराव्या आणि काही सापडलं, शंका आली, तरच लांब जावं. जे दर वेळी मुंबईचंच म्हणतात त्यांच्या दोन तारखा होतात आणि तिसरीला घरातलं कुणी रिकामं नसतं.

पायरी ४: आदल्या दिवशीची तयारी

एक फाईल करा. जुना केसपेपर, तुकड्याचा रिपोर्ट, शेक घेतला असंल तर त्याचं कार्ड, सीटी किंवा एमआरआय, मागच्या दुर्बिणीचे फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं. गोळ्यांची नावं पाठ नसतात कुणाची, म्हणून पाकिटंच न्या.

रक्त पातळ करायची गोळी चालू असंल तर आधी सांगा. नुसत्या बघायच्या दुर्बिणीला बहुतेक वेळा ती अडत नाही, पण तुकडा काढायचा असला तर अडू शकते. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका, हृदयाचा पेशंट असला तर ते महागात पडतं. दाताच्या डॉक्टरकडं सुन्न करायच्या इंजेक्शननं कधी त्रास झाला असंल तर ते पण सांगा, कारण इथं त्याच जातीचं औषध वापरतात.

उपाशी राहायचं का? नाकातून घशाच्या दुर्बिणीला फार तर दोन तास पोट हलकं ठेवायला सांगतात. अन्ननलिकेची पण त्याच दिवशी करणार असतील तर सहा ते आठ तास उपाशी. शुगरवाल्यांनी इथं आधीच विचारून घ्या, कारण गोळी घेऊन उपाशी बसलेला माणूस रांगेत चक्कर येऊन पडलेला मी बघितलाय.

आणि त्या दिवशी सकाळी बार भरू नका. नाना पहिल्यांदा गेले तेव्हा दाढेत तंबाखू होती, डॉक्टर काही बोलले नाहीत पण चूळ भरून या म्हणाले आणि आमचा नंबर मागं गेला.

पायरी ५: आत काय होतं

लोक सगळ्यात जास्त भितात ते इथं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऍडमिट करत नाहीत, भूल देत नाहीत. खुर्चीवर बसवतात. नाकात थेंब टाकतात म्हणजे नाक मोकळं होतं, आणि लिग्नोकेनचा फवारा मारतात, त्यानं नाक-घसा बधिर होतो. चव कडू. पाच-दहा मिनिटं थांबायचं. घसा बधिर झाला की असं वाटतं की थुंकी गिळता येईना, श्वास अडकतोय की काय. श्वास अडकलेला नसतो, फक्त जाणवत नसतं. हे आधी माहिती असलं की माणूस घाबरत नाही, मी प्रत्येकाला बाकड्यावर बसल्या बसल्या हेच सांगतो.

मग दुर्बीण. तीन-चार मिलिमीटरची, वाकणारी, पेन्सिलीपेक्षा बारीक. नाकातून आत जाते, टाळूच्या मागनं खाली वळते. नाकात दाबल्यासारखं होतं, डोळ्यात पाणी येतं, शिंक येईल असं वाटतं. दुखत म्हणावं असं दुखत नाही. वर स्क्रीनवर सगळं दिसतं.

आता डॉक्टर जे करायला सांगतात ते नीट करा, कारण अर्धी तपासणी तुमच्या हातात आहे. "ई म्हणा" म्हणतात, तेव्हा दोन्ही स्वरपट्ट्या हलतात का बघत असतात. जीभ बाहेर काढा म्हणतात, तेव्हा जिभेचं मूळ आणि त्याच्या मागची खाच उघडते. मान एका बाजूला वळवा, मग दुसऱ्या. आणि तोंड मिटून गाल फुगवा, जोरात, पिपाणी वाजवताना फुगवतो तसे. हे लई महत्त्वाचं. गाल फुगवले की ते बाजूचे खोलगट खिसे उघडतात, एरवी ते मिटलेले असतात आणि नानांचा तो डाग तिथंच होता. डॉक्टर घाईत असले आणि हे सांगायचं राहिलं तर तुम्ही नम्रपणे म्हणा, "सर, गाल फुगवून एकदा बघता का?" त्यांना राग येत नाही.

आपल्याकडं गुटखा-मावा खाणाऱ्या पोरांचं तोंडच उघडत नाही, तीन बोटं उभी मावत नाहीत. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे तरी पुड्या मिळतात आणि पंचविशीतली पोरं तोंड आखडून बसलेली दिसतात, बघून जीव तुटतो. अशा तोंडातून आरसा घालून घसा दिसत नाही, म्हणून "तोंड उघडत नाही, तपासणी होणार नाही" असं धरून लोक घरी बसतात. नाकातून होते. तोंड उघडायची गरजच नाही.

काम झालं की अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. बाहेर आल्या आल्या कटिंग मारू नका, घसा बधिर असतो, चहा श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका लागतो. आधी एक घोट साधं पाणी पिऊन बघा, नीट गेलं तर मग चहा.

पायरी ६: प्रकाश बदलून बघतात का ते विचारा

काही मशिनींमधे एक बटण असतं, त्यानं साधा पांढरा प्रकाश बदलून ठराविक निळा-हिरवा प्रकाश पडतो, याला एनबीआय म्हणतात. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे दोन पट्टे असतात, तो प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनमधे शोषला जातो म्हणून बारीक रक्तवाहिन्या गडद दिसतात. कॅन्सर सुरू होताना तिथं नव्या वेड्यावाकड्या वाहिन्या तयार होतात आणि या प्रकाशात ती जागा तपकिरी ठिपक्यांची दिसते, साध्या प्रकाशात तीच जागा थोडी लालसर, नाहीतर अगदी नॉर्मल. जपानी डॉक्टरांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशंटवर केलेला, त्यात घशातल्या वरवरच्या कॅन्सरच्या जागा या प्रकाशात सगळ्या दिसल्या आणि साध्या प्रकाशात फक्त ८ टक्के.

सगळीकडं ही सोय नाही. नसली म्हणून तपासणी सोडायची नाही, साधी दुर्बीण तारखेला झालेली लाखमोलाची आहे. पण दोन ठिकाणं सारखीच जवळ असतील तर जिथं ही आहे तिथं जा. अन्ननलिकेत असंच लुगॉल आयोडीन फवारून बघतात, चांगली जागा तपकिरी रंगते आणि खराब जागा रंग धरत नाही.

पायरी ७: रिपोर्ट हातात आला की

फोटो मागा. स्क्रीनवरचा फोटो मोबाईलमधे काढू देतात का विचारा, व्हिडिओ मिळाला तर अजून चांगलं, आणि स्वतःच्याच व्हॉट्सअपवर तारीख टाकून ठेवा. नानांचा डाग पकडला गेला त्यात मागच्या खेपेच्या फोटोचा मोठा हात होता, डॉक्टरनी दोन्ही शेजारी धरले आणि म्हणाले हे तेव्हा नव्हतं. शेक घेतलेल्या घशाला सूज असते, लाली असते, त्यात नवीन काय आणि जुनं काय हे फोटोशिवाय ओळखणं डॉक्टरांना पण अवघड जातं.

रिपोर्टातले शब्द थोडक्यात. दोन्ही कॉर्ड मोबाईल लिहिलंय म्हणजे स्वरपट्ट्या हलायलेत, चांगलं. फिक्स्ड लिहिलं असंल तर हलत नाही, लगेच विचारा. पायरीफॉर्म म्हणजे तो बाजूचा खिसा, तिथं लाळ साचलीय असं लिहिलं असंल तर खाली काही अडथळा आहे का ते बघावं लागतं. ल्युकोप्लाकिया म्हणजे पांढरा चट्टा. डिसप्लेसिया माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर असा चढत जातो.

तुकडा काढायचा म्हणाले तर काढू द्या. स्वरपट्टीवरचा असला तर भूल देऊन ऑपरेशन थिएटरमधे काढतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडं पारावर बसलेला प्रत्येक माणूस सांगतो, आणि या एका वाक्यापायी आमच्या शेजारच्या गावातले एक बप्पा सात महिने जडीबुटी घेत बसले, ते परत दवाखान्यात आले तेव्हा घशाला भोक पाडूनच श्वास द्यावा लागला. तुकड्यानं पसरत नाही. उशिरानं पसरतो. पहिल्या टप्प्यातला स्वरपट्टीचा कॅन्सर शेकानं किंवा लेझरनं १०० पैकी जवळपास ९० जणांचा बरा होतो, आवाज राखून.

पायरी ८: पुढची तारीख, आणि ती मोडू न देणं

खरं काम इथं आहे. दुर्बीण पाच मिनिटाची, तारीख पाळायची वर्षानुवर्षं.

कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी साधारण असं धरतात: उपचारानंतर पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी, आणि पुढं वर्षातून एकदा. नक्की किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. डिसप्लेसियावाल्यांचं अंतर रिपोर्टवर अवलंबून. मानेला शेक घेतलेल्यांनी सहा ते बारा महिन्यांनी थायरॉईडची रक्ततपासणी पण करायची, ही सांगायची कितीदा राहून जाते आणि माणूस थकवा आलाय, वजन वाढलंय म्हणत वर्ष काढतो.

आता आपल्या भागातली अडचण. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडचे किती लोक दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडल्यावरच (कारखान्याचं गाळप संपल्यावरच) परत येतात, म्हणजे पाच-सहा महिने गाव सुटलेलं. उचल घेतलेली असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकजण दवाखान्यात गेला की दोघांचा खाडा. अशा माणसाला "दोन महिन्यांनी या" म्हणणारा डॉक्टर चूक नाही आणि न येणारा माणूस पण बेफिकीर नाही. यावर आम्ही जे केलं ते सांगतो. निघायच्या आधीच डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की साहेब मी अमुक महिन्यात फडात असणार. ते जायच्या आधी एक दुर्बीण करून घेतात आणि एका कागदावर सगळी हकीकत लिहून देतात. तो कागद आणि फोटो घेऊन मधली तारीख तिकडंच करायची. कोल्हापूरला सीपीआर हा सरकारी दवाखाना आहे, मिरजेला मेडिकल कॉलेज, सोलापूरला सिव्हिल, पुण्याला ससून, सगळीकडं ईएनटी आहे. मुकादमाला उचल घेतानाच सांगून ठेवा की या महिन्यात एक दिवस लागणार, ऐन वेळी सांगितलं की भांडण होतं.

तारीख लक्षात राहायला आम्ही सण धरले. नानांच्या आता वर्षात दोन खेपा आहेत, एक पोळा झाला की आणि एक संक्रांत झाली की. तारीख विसरते, पोळा विसरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल, आणि सुनेच्या मोबाईलवर अलार्म, कारण नाना स्वतः कधीच आठवण करून देणार नाहीत. ज्याला तपासायचं त्याच्यावर हे काम सोपवू नका. तो म्हणणारच "मला काय झालंय", आणि खरंच त्याला काही झालेलं नसतं, निदान त्याला जाणवत तरी नसतं.

पायरी ९: पैसा आणि जाणं-येणं

सरकारी मेडिकल कॉलेजात केसपेपर काढून ईएनटी ओपीडीत दाखवलं तर खर्च किरकोळ असतो. खाजगीत जागेजागी दर वेगळा, आधी फोनवर विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता ५ लाखांपर्यंत आहे, पण ती मुख्यतः ऍडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी, म्हणजे कॅन्सर सापडला तर ऑपरेशन, शेक, केमो. नुसत्या ओपीडीतल्या दुर्बिणीला ती लागू होईल असं धरून जाऊ नका. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का हे मात्र आजच बघा, कॅन्सर निघाल्यावर तहसीलला चकरा मारत बसायची वेळ येऊ नये.

एसटीत ७५ च्या पुढच्यांना फुकट, ६५ च्या पुढं अर्धं तिकीट, बायकांना अर्धं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला किंवा तपासणीला जाताना सवलत आहे, सोबतच्या माणसाला पण, त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. देवगिरी किंवा नंदीग्रामनं मुंबईला जाणाऱ्यांनी तो आधीच करून घ्या.

पायरी १०: तंबाखू

दुर्बीण चालू आणि बार पण चालू, याला अर्थ नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के मोठी माणसं तंबाखू घेणारी निघाली, त्यातली बहुतेक खाणारी, म्हणजे एकटे तुम्हीच यात अडकलेले नाही. रागावून कुणाची सुटत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, सोडायला मदत करतात, परत परत फोन करून विचारपूस करतात. नानांची पहिल्या फटक्यात सुटली नव्हती, शेक चालू असताना सुटली, मग एका लग्नात परत लागली आणि त्या दुसऱ्या डागानंतर कायमची गेली. दारूचं पण तेच, ती चालू राहिली तर नवीन जागा निघत राहतात.

आणि निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी विचारा: ईएनटीची ओपीडी उद्या आहे का आणि दुर्बीण चालू आहे का. आम्ही एकदा पहाटे पाचच्या गाडीनं नानांना उपाशी घेऊन गेलो आणि तिथं कळलं की मशीन दुरुस्तीला गेलीय. नाना परत यायला तयार नव्हते, पुढच्या मंगळवारी त्यांना घराबाहेर काढायला माझ्या बहिणीला माहेरी यावं लागलं.